एकशे सत्त्याऐंशीवे तिकीट

१८० सीटांच्या विमानाची १८० तिकिटे विकली गेली म्हणजे ते भरून उडेल, असे नाही. शंभरातले पाच प्रवासी आले नाहीत तर आत सरासरी १७१ माणसे बसतात आणि नऊ सीटा रिकाम्या जातात. न येणाऱ्यांपैकी कोणाची बैठक ऐनवेळी रद्द झालेली असते, कोणाच्या घरी आजारपण निघालेले असते, कोणाचे आधीचे विमान उशिरा पोचल्याने पुढचे हुकलेले असते. कोणी सकाळचे आणि संध्याकाळचे अशी दोन तिकिटे काढून ठेवलेली असतात आणि सोयीचे एक वापरलेले असते. येणार नसल्याचे आधी कळवणारे थोडेच. विमान कंपन्यांच्या बोलीत या गैरहजरांना 'नो-शो' म्हणतात.

अमेरिकन एअरलाइन्सच्या अभ्यासकांनी १९९२ साली आपला हिशेब प्रसिद्ध केला होता. घेतलेल्या बुकिंगपैकी साधारण निम्मी विमान सुटेपर्यंत रद्द होत किंवा प्रवासी येतच नसे. सीटांइतकीच बुकिंग घेऊन थांबले असते, तर पूर्ण विकल्या गेलेल्या विमानांतही सुमारे १५ टक्के सीटा रिकाम्या गेल्या असत्या, असा त्यांचा अंदाज होता. त्या रिकाम्या सीटांमागे आणखी कोणीतरी असते आणि आपल्याला ते दिसत नाही. त्याच विमानाने जायचे होते, पैसे द्यायची तयारी होती, आणि 'जागा नाही' असे उत्तर मिळाले, असे ते लोक. ओव्हरबुकिंगला, म्हणजे सीटांपेक्षा जास्त तिकिटे विकण्याला, सरसकट लबाडी म्हणताना त्यांचाही विचार व्हायला हवा. दुसऱ्या बाजूला असतो तो पक्के तिकीट हातात घेऊन वेळेवर आलेला आणि तरीही गेटवर अडवलेला प्रवासी. त्याचे नुकसान खरे असते आणि ते चारचौघांसमोर होते.

या दोघांच्या मध्ये उभे आहे ते गणित. १९५८ साली मार्टिन बेकमन यांनी रिकाम्या सीटेचा तोटा आणि गेटवर अडवलेल्या प्रवाशाचा खर्च एकाच समीकरणात मांडला. १९७१ साली मार्विन रॉथस्टाइन यांनी त्यात वेळ आणला. बुकिंग येतात, रद्द होतात, पुन्हा येतात, आणि दर टप्प्यावर 'आणखी घ्यायची का' हा निर्णय नव्याने करावा लागतो. ही सगळी विद्या बराच काळ दाराआड राहिली. जास्तीची तिकिटे विकतो, हे कंपन्या प्रवाशांना सांगत नसत. एप्रिल १९७२ मध्ये ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांना अलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात पक्के बुकिंग असूनही जागा मिळाली नाही. ते न्यायालयात गेले आणि १९७६ साली प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. ही पद्धत प्रवाशापासून दडवून ठेवल्याबद्दल कंपनीवर फसवणुकीचा दावा लावता येतो, असे न्यायालयाने म्हटले. मुद्दा तिकिटे जास्त विकण्याचा नव्हता, ते लपवण्याचा होता. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आता गणित जवळून पाहू. विमान १८० सीटांचे. प्रत्येक प्रवासी येण्याची शक्यता ०.९५, आणि एकाच्या येण्या-न येण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही असे तूर्त धरू. मागणी भरपूर आहे, न येणाऱ्याला पैसे परत मिळतात, हेही धरू. एक भाडे म्हणजे १ एकक. गेटवर एकाला अडवावे लागले तर भरपाई, जेवण, हॉटेल, दुसऱ्या विमानातली सीट आणि दुखावलेला ग्राहक असे सगळे मिळून ४ एकके जातात.

प्रश्न एकाच तिकिटापुरता विचारायचा. १८६ विकली आहेत, १८७वे विकावे का? तो प्रवासी आलाच नाही तर काही मिळाले नाही आणि काही गेलेही नाही. तो आला आणि जागा असली तर १ मिळाले, नसली तर ४ गेले. म्हणजे आधीच्या बुकिंगनेच विमान भरलेले असण्याची शक्यता एक पंचमांशापेक्षा कमी असेल तोवर विकत जायचे आणि त्यापुढे गेली की थांबायचे. ४ च्या जागी दुसरा आकडा घेतला तर फक्त ही मर्यादा बदलते. भाडे भागिले (भाडे अधिक अडवण्याचा खर्च), एवढेच सूत्र.

१८६ बुकिंग असताना किमान १८० जण येण्याची शक्यता म्हणजे सहा किंवा त्याहून कमी जण गैरहजर राहण्याची शक्यता. द्विपद वितरणाने, म्हणजे प्रत्येकाचे येणे-न येणे स्वतंत्र धरून किती जण येतील याची शक्यता काढणाऱ्या सूत्राने, ती ०.१७४ येते. ०.२० पेक्षा कमी, म्हणून १८७वे विकायचे. १८७ वर हीच शक्यता ०.२७८ होते, म्हणून १८८वे नाही. उत्तर १८७. या पातळीवर सरासरी १७७.३ माणसे प्रवास करतात, म्हणजे १७१ ऐवजी सहाहून अधिक माणसे जास्तीची. कोणाला ना कोणाला अडवावे लागण्याची शक्यता १७ टक्के, आणि अडवलेल्यांची सरासरी दर उड्डाणामागे ०.३२.

पाठ्यपुस्तक इथे थांबते. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे आहे.

अडवण्याचा खर्च ४ ऐवजी २ धरा. उत्तर १८८ येते. तो ९ धरा, उत्तर १८६. प्रवाशाच्या त्रासाची किंमत साडेचार पट वाढवली तरी उत्तर जेमतेम दोन तिकिटांनी हलते. आणि १८७ ऐवजी १८६ वर थांबले तर कंपनीचे किती जाते? १८७व्या तिकिटाचा अपेक्षित फायदा काढला की ०.१२ येतो, म्हणजे एका भाड्याचा आठवा हिस्सा. त्या बदल्यात कोणाला अडवावे लागण्याची शक्यता १७ वरून ९.३ टक्क्यांवर येते आणि अडवलेल्यांची सरासरी ०.३२ वरून ०.१६, म्हणजे निम्मी होते.

नफ्याचा आलेख शिखराजवळ जवळजवळ सपाट असतो. तिथे एक पाऊल मागे घेतल्याने तिजोरीला फारसे काही कळत नाही, गेटवरच्या माणसाला मात्र बरेच कळते. 'आम्हाला परवडत नाही' हे उत्तर निदान या शेवटच्या एका तिकिटाबद्दल टिकत नाही. कमाल नफ्याचा नेमका बिंदू गाठण्याचा आग्रह धरणारी प्रणाली प्रत्येक उड्डाणात एका भाड्याचा आठवा हिस्सा वाचवण्यासाठी अडवलेल्यांची संख्या दुप्पट करते. हे मला अयोग्य वाटते, आणि गणितच ते अयोग्य ठरवते.

तरीही अडवण्याची वेळ येणारच. तेव्हा कोणाला अडवायचे? याचे सगळ्यात सुंदर उत्तर ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली दिले. सक्ती करूच नका, विचारा. किती रक्कम मिळाली तर पुढच्या विमानाने जाल, असा आकडा प्रत्येकाने लिहून बंद पाकिटात द्यावा आणि सर्वांत कमी मागणाऱ्यांना थांबवावे. कंपन्यांनी ही सूचना तेव्हा हसण्यावारी नेली. पुढे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान विमान कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाचे अध्यक्ष झाले आणि १९७८ साली 'आधी स्वेच्छेने थांबणारे शोधा' हा नियम आला. यात एक बारीक पण मोठा बदल झाला. अडवण्याचा खर्च कार्यालयात बसून ठरवायची गरज उरली नाही, तो खुद्द प्रवासी सांगू लागला. ज्याला घाई नाही त्याला ती रक्कम नुकसानीपेक्षा जास्त वाटते. ज्याला दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी पोचायचे आहे, तो हात वर करतच नाही.

प्रत्यक्षात सगळे बिघडते ते वेळेवरून. विमानात माणसे बसल्यावर लिलाव करणे सगळ्यात वाईट. सामान पोटात चढलेले असते, थांबणाऱ्याची बॅग शोधून उतरवावी लागते, सुटायची वेळ जवळ आलेली असते आणि गेटवरच्या कर्मचाऱ्याला वाढीव रक्कम देण्याचा अधिकार नसतो. चेक-इन करतानाच 'थांबायची तयारी आहे का, किती घ्याल' असे विचारले तर तासभर आधी यादी तयार असते. नंतर गरज पडली नाही तर कोणाचे काही बिघडत नाही. थांबणाऱ्याला पुढच्या विमानातली पक्की सीट द्यायला हवी, प्रतीक्षायादीतला क्रमांक नव्हे. नाहीतर तोच माणूस संध्याकाळी पुन्हा अडवला जातो, आणि त्याचा दुहेरी खर्च कोणत्याच समीकरणात धरलेला नसतो. बोर्डिंग पासवर सीट नंबर नसून 'गेटवर मिळेल' असे छापलेले दिसले, तर आपण या यादीच्या काठावर आहोत हे प्रवाशानेही ओळखावे. अशा वेळी गेटवर लवकर पोचलेले बरे.

भरपाईचे कायदे या खर्चाला तळ घालून देतात, पण त्यांची रचना वेगवेगळी आहे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो ठरलेले आहेत, तिकीट कितीला काढले याचा संबंध नाही. अमेरिकेत रक्कम भाड्याच्या पटीत आहे, दुप्पट किंवा चौपट, आणि त्यावर कमाल मर्यादा. म्हणजे तीस युरोंचे तिकीट असलेल्या प्रवाशाला अडवणे युरोपात भाड्याच्या आठ-नऊ पटींनी महाग पडते. भाड्याच्या पटीतला नियम मात्र नेमक्या स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला कमी संरक्षण देतो. सक्तीने अडवायची वेळ आली की निवडही बहुधा त्याचीच होते: कमी भाडे, नेहमीचा प्रवासी नाही, चेक-इन उशिरा. भरपाई भाड्याशी बांधण्यापेक्षा वाया गेलेल्या वेळेशी बांधणे मला जास्त न्याय्य वाटते. तिकीट स्वस्त असो की महाग, दोघांचा दिवस सारखाच जातो.

आता मॉडेल कुठे फसते ते पाहू. खर्चाचा आकडा चुकला तर फारसे बिघडत नाही, हे वर आले. हजेरीचा आकडा चुकला तर मात्र धडगत नाही. हजेरी ०.९३ धरून तेच गणित केले तर १९० तिकिटे विकावीत असे उत्तर येते, आणि त्या गृहीतकानुसार कोणाला अडवावे लागण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आत राहते. आता प्रत्यक्षात हजेरी ०.९५ निघाली. केवळ दोन टक्क्यांचा फरक. विकलेली तिकिटे तीच १९०, आणि अडवण्याची शक्यता झाली ५२ टक्के. म्हणजे दर दुसऱ्या उड्डाणाला गेटवर गोंधळ.

म्हणून हजेरीचा एकच सरासरी आकडा सगळ्या मार्गांना लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण. सोमवारी सकाळी कामानिमित्त जाणाऱ्यांचे विमान आणि सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशीचे विमान यांची हजेरी एक नसते. पैसे परत मिळणारे तिकीट आणि न मिळणारे तिकीट यांत तर मोठाच फरक. न मिळणारे काढलेला माणूस सहसा येतोच. कंपनीची तिकिटे जसजशी त्या बाजूला झुकतात तसतशी हजेरी वर जाते, आणि दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर चालणारी प्रणाली जुन्याच सवयीने जास्त विकत राहते. यासाठी आता प्रत्येक बुकिंगची नोंद वेगवेगळी पाहतात: किती दिवस आधी काढले, परतीचे आहे का, आधीच्या विमानाशी जोडलेले आहे का, किती जणांचे आहे, चेक-इन झाले का.

'किती जणांचे' हा मुद्दा वाटतो त्याहून खोल आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे आपण सुरुवातीला धरले, पण माणसे कुटुंबाने, मित्रांबरोबर, गटाने प्रवास करतात. एकाला ताप आला तर दोघेही येत नाहीत, आणि यायचे ठरले तर दोघेही येतात. १८६ बुकिंग सुट्या माणसांची असतील तर अडवण्याची शक्यता ९.३ टक्के. तीच १८६ म्हणजे ९३ जोड्या असतील तर १५ टक्के. सरासरी हजेरी दोन्हीकडे सारखीच, चढउतार मात्र वाढतो. जोडविमानांचेही असेच. एक मोठे विमान उशिरा आले की त्यातून पुढे जाणारे तीस जण एकदम हुकतात, वेळेवर आले तर तीसच्या तीस दारात उभे. द्विपद वितरणाला हे दिसत नाही, कारण ते प्रत्येकाला एकटे समजते. खऱ्या उड्डाणांतल्या हजेरीचा चढउतार मोजून तो सूत्राने सांगितलेल्या चढउताराशी ताडून पाहावा. जास्त निघाला तर मर्यादा एक-दोनने खाली आणावी. सपाट शिखरामुळे ते परवडतेच.

काळाचाही एक पैलू आहे. तीन महिने आधी घेतलेली पुष्कळ बुकिंग रद्द होणार असतात. दर शंभरातली ८० टिकतील असे धरले, तर साध्या सरासरीने तेव्हा २२५ पर्यंत घेता येतात. मग दिवस जवळ येतील तशी मर्यादा उतरत जाऊन शेवटच्या दिवशी १८७ वर यायला हवी. धोका असतो तो ही उतरण मंद ठेवण्यात. रद्द होण्याचा वेग त्या हंगामात कमी पडला तर मर्यादा खाली येते, पण हातातली बुकिंग वरच राहतात, आणि घेतलेले तिकीट परत मागता येत नाही. बुकिंग मर्यादेच्या वर दिसताच चार दिवस आधीच प्रवाशांना फोन करून, फुकट तारीख बदलून देतो असे सांगावे. तेव्हा कितीतरी जण आनंदाने हो म्हणतात, आणि त्याचा खर्च गेटवरच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

आणि काही वेळा दोष मॉडेलचा नसतोच. मोठे विमान बिघडून लहान येते. कडक उन्हात आखूड धावपट्टीवरून पूर्ण वजन घेऊन उडता येत नाही आणि वीस सीटा रिकाम्या ठेवाव्या लागतात. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोहून लुइव्हिलला निघालेल्या युनायटेड एक्सप्रेसच्या ३४११ या विमानातून एका प्रवाशाला ओढत बाहेर काढले, ते दृश्य जगाने पाहिले आणि ओव्हरबुकिंगवर टीकेची झोड उठली. पण ते विमान ओव्हरबुक झालेले नव्हते, फक्त भरलेले होते. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी चार कर्मचाऱ्यांना पोचवायचे होते, ही गरज उशिरा पुढे आली आणि तोवर प्रवासी आपापल्या जागी बसले होते. देऊ केलेली रक्कम ८०० डॉलरपर्यंत जाऊन थांबली आणि मग सक्ती सुरू झाली. त्या घटनेनंतर कंपनीने स्वेच्छेने थांबणाऱ्यासाठीची मर्यादा १०,००० डॉलरवर नेली. सायमन यांच्या लिलावाला वरची मर्यादा घातली की तो लिलाव राहत नाही, हे त्या दिवशी दिसले. त्याच वर्षी साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीने ओव्हरबुकिंग थांबवण्याचा निर्णय घेतला. पण विमान बदलले, वजन घटले, तर बुकिंग सीटांइतकीच असली तरी लोक अडतात. म्हणून थांबवण्याची चांगली पद्धत प्रत्येक कंपनीला लागतेच.

शेवटची बाब नोंदींची. ती कंटाळवाणी समजून सोडून दिली जाते, पण निम्मी संकटे तिथूनच निघतात. कंपनीच्याच उशिरामुळे जोडविमान हुकलेल्याला 'नो-शो'मध्ये धरू नये, त्याचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा. जाण्याच्या तिकिटावर न आलेल्याचे परतीचे तिकीट अनेकदा आपोआप रद्द होते, तेही परतीच्या उड्डाणाचा 'नो-शो' नव्हे. आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे हजेरी विमानात चढलेल्यांवरून मोजणे. समजा १८७ बुकिंग होती आणि १८४ जण आले. चार अडवले गेले, १८० चढले. चढलेल्यांवरून हजेरी ९६.३ टक्के दिसते, खरी आहे ९८.४. असे दिवस साठत गेले की प्रणालीला वाटते लोक येत नाहीत, ती मर्यादा वाढवते, आणखी जण अडतात, आणि तेही 'न आलेले' म्हणून जमा होतात. त्या चौघांसाठी 'हजर, जागा दिली नाही' असा स्वतंत्र कोड हवा, आणि स्वेच्छेने थांबलेल्यांनाही तोच लावायला हवा. हा कोड गेटवरच, विमानाचे दार बंद होण्याआधी भरला गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून भरलेल्या नोंदीत १८० चीच बेरीज जुळवलेली असते.